सूचना क्रमांक सात

मुकादम रात्रभर राबला होता आणि शुक्रवारी सकाळी त्याचा अहवाल येऊन पडला होता.

आता आंबेगाव तालुक्यात मुकादम म्हटलं की कुणालाही उसाच्या फडातला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, टोळीवर खेकसणारा गडीच आठवणार. हा तसला नव्हे. हा कंप्युटरातला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि तोंडात न बसणारं होतं, म्हणून वृषालीनं पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं. नाव काही चुकीचं पडलं नाही. फडातला मुकादम कुठं स्वतः कोयता धरतो? हाही धरत नसे. हाताखालच्यांना कामं वाटून देई. एकानं जगभरचे शोधनिबंध वाचायचे, दुसऱ्यानं त्यावरून प्रयोग आखायचा, तिसऱ्यानं कोड लिहायचा, चौथ्यानं तो चालवून बघायचा, पाचव्यानं चुका काढायच्या. सकाळी सगळ्यांचं गोळा करून मुकादम स्वच्छ मराठीत लिहून ठेवी, काल काय केलं, काय फसलं, आज काय करू. ज्या कामाला पुण्यात चार शिकलेली माणसं सहा महिने डोकं धरून बसली असती, ते काम मंचरमध्ये खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही न दिसणारी टोळी करत होती. वर देखरेखीला एकटी वृषाली.

काम होतं बिबट्याचं. संस्थेचं नाव ‘हाक’. जुन्नर-आंबेगावात कुठंही बिबट्या दिसला, ठसे दिसले, शेळी गेली, की त्यांच्या नंबरवर फोन लावायचा आणि ‘टूं’ असा आवाज आला की बोलायचं, बोललेलं टेप व्हायचं. मग गोरखभाऊंचं पथक जीप घेऊन जायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसाला दीडशे-दोनशे फोन यायचे, आणि त्यातले निम्मे म्हणजे कुणाचं तरी कुत्रं, रानमांजर, तरस, नाहीतर मोबाइलवर फिरणारा भलत्याच गावचा व्हिडिओ. ज्योत्स्ना आणि आदेश कानाला हेडफोन लावून सगळे ऐकत बसायचे. सकाळी आलेली खरी हाक त्यांच्या कानावर पडेपर्यंत कधीकधी दुसरा दिवस उजाडायचा, आणि तोवर जनावर तीन शिवारं ओलांडून गेलेलं असायचं.

म्हणून मुकादमाची टोळी हे मॉडेल, म्हणजे ऐकून शिकणारा प्रोग्रॅम, घडवत होती. त्यानं फोन ऐकायचा आणि हाक खरी की पोकळ ते तिथल्या तिथं सांगायचं. शिकायला त्याला तीन वर्षांतले निवडक जुने फोन दिले होते, आणि प्रत्येक फोनसोबत पथकानं जाऊन बघितल्यावर मारलेला शेरा. सोमवारपासून चाचणी चालू होती. मॉडेल पोकळ म्हणेल ते बाजूला ठेवायचे, उरलेले ज्योत्स्नानं ऐकायचे. ती खूश होती, चार दिवसांत तिला पहिल्यांदा डबा गरम असताना खायला मिळाला होता. आणि येत्या सोमवारपासून दोन्ही तालुक्यांत सगळं मॉडेलवर सोपवायचं, मधे माणूस ठेवायचाच नाही, असं ठरत आलं होतं. दुपारी चारला त्याचीच बैठक. त्याआधी एका कागदावर ‘तपासले, योग्य आहे’ असं लिहून खाली वृषालीची सही लागणार होती. एकदा ही सही पडली की मॉडेलनं पोकळ ठरवलेला फोन पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

तिनं अहवाल उघडला. पहिलीच ओळ होती, ‘प्रयोग क्रमांक ६३ यशस्वी. अचूकता ९६ टक्के.’

वृषालीनं ती ओळ दोनदा वाचली. दहा दिवसांपूर्वी हाच आकडा एक्याऐंशीवर अडून बसला होता. काय वाटेल ते करा, ढिम्म हलायचा नाही. तिच्या पायांत अशी काही हुशारी आली की ती उठून खिडकीपर्यंत गेली आणि उगीचच पडदा सरकवून परत आली.

रविंद्र सर दारातच उभे होते. ‘हाक’ त्यांनीच उभी केलेली. माणूस मूळचा कळंबचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्यांनी आकडा बघितला आणि नुसतं म्हणाले, "शाब्बास." त्यांच्याकडून हा शब्द वृषालीनं कंत्राटावरच्या दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकला. "मार्चची वाट बघायला नको आता. तुझ्या कायम होण्याचा विषयही आजच काढतो बैठकीत."

"आधी तपासते सर," ती म्हणाली. तपासलंही तिनं. मुकादमानं परीक्षेतले चाळीस फोन काढून दिले, तिनं चाळीसही ऐकले. एकोणचाळीस बरोबर निघाले. चाळिसावा तर तिलाही कळला नसता, इतकी त्यात बैलगाडीची खडखड होती. झालं की मग! अजून काय तपासायचं?

अकरा वाजता तिनं आईला फोन लावला. आई, द्रौपदा, निरगुडसरला कॅनॉलच्या अंगाला वस्तीवर राहायची. वडील गेल्यापासून एकटीच. शेजारी गेणूतात्याचं घर, आणि घराला लागून गेणूतात्याचा दोन एकर ऊस.

"आई, मशीन पास झालं. शंभरात शहाण्णव."

"लई भारी," द्रौपदा म्हणाली. तिला मॉडेल कळत नसलं तरी शंभरात शहाण्णव चांगलंच कळत होतं. दहावीला वृषालीला गणितात तेवढेच पडले होते आणि ते तिनं विहारात सगळ्या बायांना सांगितलं होतं. "चला, मंजी आता माजं बी काम व्हईल."

"तुझं कसलं काम?"

"अगं, ते वाघराचं. तीन दिस झालं सांगून. गेणू शेळ्या सोडीना, मी मागल्या दारानं जाईना. उद्या तोडणीवाली येनार हायेत, म्हनून काल तिसऱ्यांदा लाइनला सांगितलं. ती बाई म्हणती, आपली नोंद घेतली आहे, धन्यवाद."

वृषाली खुर्चीत सरळ बसली. "तीनदा फोन केलास? आणि मला एकदाही नाही?"

"तूच म्हणलीस ना, मला सांगत जाऊ नको, लाइनला सांग. नियम सगळ्यांना एकच." द्रौपदाच्या आवाजात तक्रार नव्हती. असलीच तर थोडी ऐट होती, लेकीचा नियम पाळल्याची.

वृषालीनं घाईनं फोन ठेवला आणि यादी काढली. ज्योत्स्नानं ऐकलेल्या फोनांत आईचा नंबर नव्हता. पथकाकडं गेलेल्यांत नव्हता. पोकळ ठरलेल्यांच्या ढिगातही नव्हता. शेवटी मुकादमाच्या कपाटात एक कप्पा सापडला, जो तिनं दहा दिवसांत एकदाही उघडला नव्हता. त्यावर लिहिलं होतं, ‘वगळलेल्या नोंदी’. आत जुने-नवे मिळून चारशे बारा फोन होते. त्यातले तीन आईचे.

तिनं हेडफोन लावला.

"हॅलो. बोलू का? मी द्रौपदा बोलती, निरगुडसर, कॅनॉलच्या अंगाची वस्ती. गेणूच्या उसात वाघरू हाय. दुपारच्याला बांधावर बसलेलं व्हतं. या कुनीतरी."

दुसरा बुधवारचा. "कालचीच बाई हाय मी. ती वाघीण हाय वो. उसात पिल्लं वराडत्यात, मी सोताच्या कानानं ऐकलं."

तिसरा कालचा. आवाज जरा घाबरा, पण शब्द सावकाश, पोस्टात पत्ता सांगावा तसे. "ती वाघीण हाय तितंच अजून. शनवारी तोडणीवाली येत्यात. त्यांची लेकरं तितंच पाचटात खेळत्यात, झोळीत निजत्यात. तेवढं त्याच्या आधी बगून जावा. माजी लेक तुमच्याकडंच कामाला हाय, वृषाली म्हनून. पर तिला नका सांगू. ती कामात असती."

प्रत्येक फोनखाली मुकादमानं तेच एक वाक्य लिहिलं होतं, ‘बोलणारी व्यक्ती वाघ असल्याचे सांगते. या भागात वाघ नाही. नोंद अग्राह्य. आधार: सूचना क्रमांक ७.’

वृषालीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग ती उठली आणि पहिलं करायचं ते पहिलं केलं. खाली अंगणात गोरखभाऊ जीपचा टायर बघत होते. त्यांना तिनं पत्ता सांगितला, पिल्लांचं सांगितलं, उद्याच्या तोडणीचं सांगितलं. गोरखभाऊंनी हात पुसले आणि म्हणाले, "निरगुडसर मंजी तुमचंच गाव ना ताई? आवो, मग तीन दिस काय करत व्हता?" त्यांनी सहज विचारलं होतं. उत्तराला थांबायला त्यांना वेळ नव्हता. जीप गेली.

ती वर आली. ही सूचना क्रमांक सात कुणी दिली, असं तिनं मुकादमाला विचारलं. ज्यानं कुणी दिली असेल त्याला चांगलं फैलावर घ्यायचं तिच्या मनात होतं.

मुकादमाचं एक आहे. तो खोटं बोलत नाही आणि कुणाची भीडही ठेवत नाही. दोन सेकंदांत त्यानं सगळा संवाद जसाच्या तसा पुढं ठेवला. अकरा दिवसांपूर्वीचा, दुपारी सव्वातीनचा. त्यानं विचारलं होतं, ‘एकाच प्राण्यासाठी लोक वेगवेगळे शब्द वापरतात: बिबट्या, वाघ, वाघरू, वाघीण, जनावर. यांतील कोणते ग्राह्य धरावेत?’ आणि खाली उत्तर होतं, ‘आपल्या भागात वाघ नाही, बिबट्या आहे. वाघ म्हणणारे चुकीचं सांगतात.’ उत्तर देणारी व्यक्ती: वृषाली.

आठवलं तिला. नुसतं उत्तर आठवलं नाही, ते लिहिताना मानेला दिलेला झटकासुद्धा आठवला.

त्या झटक्याची गोष्ट नऊ वर्षं जुनी. पुण्यात हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात ती सांगायला गेली होती, "आमच्याकडं अंगणात वाघ येतो." खोलीतल्या मुली एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. वाघ? पुणे जिल्ह्यात? वर्षभर तिला ‘वाघीणबाई’ म्हणत. वाईट नव्हत्या पोरी, पुढं मैत्रिणीही झाल्या, पण वृषालीनं त्या दिवसापासून जिभेला जी गाठ मारली ती मारलीच. वाघ नाही, बिबट्या. व्हतं नाही, होतं. सुटीला घरी आली की आईलाही टोकायची, "आई, बिबट्या म्हण, बिबट्या. वाघ वेगळा." आई बिचारी म्हणायची. आणि इतक्या वर्षांनी एका मुकादमानं अदबीनं सगळे शब्द पुढं धरले, तर हिनं एका ओळीत आपलं अख्खं गाव चुकीचं ठरवून टाकलं. कुणी हसू नये म्हणून. तेही कोण हसणार होतं? मशीन?

लाजेनं तिचे कान तापले. रडू मात्र आलं नाही. रडायला वेळ कुठं होता?

तिनं पुढचं वाचलं. मुकादमानं सूचना पाळली होती, आणि सांगितल्यापेक्षा चोख पाळली होती. वाघ म्हणणारे फोन त्यानं शिकवणीतून काढले. पथकानं जाऊन ‘ठसे मिळाले, खरे’ असा शेरा मारला होता, तरी वाघ असणं शक्यच नाही म्हणून तो शेराही चुकीचा धरला. आणि मग तेच फोन परीक्षेतूनही काढले. सोमवारी चाचणी सुरू झाल्यावर नव्यानं आलेल्या फोनांनाही तोच न्याय. म्हणजे पोरानं पेपरातले अवघड प्रश्न स्वतःच खोडले आणि उरलेल्यांवर शहाण्णव मार्क आणले. तिनं तपासलेले चाळीस फोन त्याच खोडलेल्या पेपरातले होते. आता असला निकाल कोण बाई घरी दाखवेल? पण सगळं अहवालात लिहिलेलं होतं, पान अकरावर. तिनं पहिलं पान वाचून पडदा सरकवला होता.

‘सूचना सात रद्द,’ तिनं लिहिलं. ‘सगळे फोन परत घे. शिकवणीतही आणि परीक्षेतही. नव्यानं चालव. आणि एक मोजून सांग. वाघ म्हणणाऱ्यांचे किती फोन खरे निघाले, बिबट्या म्हणणाऱ्यांचे किती.’

‘सुमारे दोन तास लागतील,’ मुकादम म्हणाला. तक्रार नाही, टोमणा नाही. माणूस असता तर निदान एक उसासा तरी टाकला असता.

ते दोन तास ती बाकीचे चारशे नऊ फोन ऐकत बसली. सगळे नाही झाले, शंभरएक झाले. भीमाशंकरच्या वाटेवर चहाची टपरी चालवणारी एक बाई होती, "वाघ पाण्यावर येतो, पोरं शाळंत कशी धाडायची?" कुणी एक म्हातारा आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग गाव, मग गट नंबर सांगून शेवटी हळूच म्हणाला, "वाघ हाय." एकजण तर नावच घेईना. "त्यो आलाय," एवढंच म्हणाला आणि नुसता श्वास घेत राहिला, मागून कुणीतरी ओरडलं, "वाघ!" ज्योत्स्ना मागून येऊन उभी राहिली. ऐकता ऐकता तिनं खुर्ची ओढली, दुसरा हेडफोन लावला आणि सोमवारपासूनच्या फोनांचे पत्ते पथकासाठी उतरवायला घेतले.

पावणेदोनला निकाल आला. नव्या मॉडेलची अचूकता: ८४ टक्के. आणि खाली मुकादमाच्या चूक काढणाऱ्या गड्यानं वेगळी चौकट करून लिहिलं होतं, ‘वाघ, वाघरू, वाघीण हे शब्द असलेल्या शंभर फोनांपैकी ८९ खरे निघाले. बिबट्या हा शब्द असलेल्या शंभरांपैकी ५३. हा फरक मोठा आहे. वगळलेल्या नोंदी सर्वांत विश्वासार्ह होत्या. कारण मला माहीत नाही.’

वृषालीनं ती चौकट छापली आणि सरांच्या खोलीत गेली.

रविंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "चार वाजता पैसे देणारी माणसं येतायत. शहाण्णव कळवलंय त्यांना मी सकाळी."

"हो सर."

"असं करू. सोमवारी सुरू तर करू, आठ-पंधरा दिवसांत हळूहळू दुरुस्त करत जाऊ. वाघ म्हणणारे असे किती असतील?"

"सातात एक."

"म्हणजे सहा जणांचं तर नीट होतंय." ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. दोन वर्षं या कामासाठी त्यांनी दारोदार हात जोडले होते.

"सातवी माझी आई आहे, सर," वृषाली म्हणाली. "चूक मशीनची नाही, मी सांगितलं तसं ते वागलं. पण शहाण्णवच्या कागदावर मी सही करणार नाही. चौऱ्याऐंशीवर करते. आणि चौऱ्याऐंशीला ऐकायला माणूस लागतो, तेही वर लिहिते."

सरांनी ती छापील चौकट पुढं ओढून पुन्हा वाचली.

"आमचा म्हातारा अजून वाघच म्हणतो," ते अखेर म्हणाले. "मी त्याला दुरुस्त करायचं सोडून दिलं. तू लिही कागद. तुझं कायम होणं मात्र आता मार्चवर गेलं, एवढं ध्यानात ठेव."

"ठेवते," ती म्हणाली, आणि कागद लिहायला गेली.

साडेतीनला गोरखभाऊंचा फोन आला. आवाज दबका, उसाच्या कडेला उभं राहून बोलत असणार. "ताई, हायेत. दोन. डोळे उघडल्यात नुकते. चौथ्या सरीत, पार तुमच्या आईच्या मागल्या दारासमोर. तोडणीवाल्यांना उद्या येऊ नका म्हनून सांगितलंय. आई कुटं लांब न्हाई त्यांची. पिल्लांना हात लावत न्हाई, तितंच ऱ्हाऊ देतो, न्हील ती." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या सकाळी कोयतं घेऊन माणसं डायरेक तिच्या अंगावरच गेली असती बगा."

वृषालीनं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि सहीचा कागद सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

बैठकीत सरांनी चौऱ्याऐंशी सांगितलं आणि का तेही सांगितलं. आलेल्या माणसांनी माना डोलावल्या, चहा घेतला, मार्चमध्ये परत बघू म्हणाले. ज्योत्स्ना आणि आदेशच्या कानांवरचे हेडफोन, आणि त्यांच्यासोबत दोघांच्या नोकऱ्या, तूर्त होत्या तिथंच राहिल्या. आदेशला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तो संध्याकाळी घरी जाताना शीळ घालत जिना उतरला.

शनिवारी सकाळी गोरखभाऊंनी कळवलं, वाघिणीनं दोन्ही पिल्लं उचलून नेली. ते वाघीणच म्हणाले, आणि वृषालीनं काही दुरुस्त केलं नाही.

रविवारी ती निरगुडसरला गेली. विहारातून वंदना आटोपून मायलेकी परत आल्या आणि ओट्यावर घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या. पलीकडं गेणूतात्याच्या उसात कोयते चालू झाले होते. तोडणीवाल्यांच्या दोन पोरी पाचटावर बसून भाकरी खात होत्या. द्रौपदाचं मागचं दार पाच दिवसांनी सताड उघडं होतं.

वृषालीच्या मांडीवर लॅपटॉप होता. रद्द केलेल्या सूचनेच्या जागी नवी लिहायची राहिली होती, आणि शुक्रवारपासून तिला ती सुचत नव्हती. ‘कारण मला माहीत नाही,’ असं मुकादमाच्या गड्यानं लिहिलं होतं, आणि कारण तिलाही माहीत नव्हतं.

"आई, एक विचारू? तू माझ्याशी बोलताना बिबट्या म्हणतीस ना?"

"म्हणती की. तूच शिकवलंस."

"मग लाइनला वाघरू नि वाघीण का म्हणालीस? तिन्ही वेळेला?"

द्रौपदानं एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले आणि मग लेकीकडं बघितलं. "तुज्यासमोर ध्यान देऊन बोलती मी. टीव्हीवरचं काय सांगायचं आसलं तरी बिबट्याच म्हणती. पर ते बांधावर बसून माज्याकडं बघत व्हतं, वृषाली. भ्या वाटल्यावर कुटं ध्यान ऱ्हातं? तवा आपलं व्हतं तेच तोंडात येतं."

ठसे बघितलेली, गुरगुर ऐकलेली, अंगणात उभी राहिलेली सगळी माणसं तिच्या कानांत एकदम बोलायला लागली. व्हिडिओ बघून फोन करणारा बिबट्या म्हणतो. ज्यानं जनावर बघितलं तो वाघ म्हणतो. इतकं साधं होतं, आणि ते मुकादमाच्या टोळीनं वाचलेल्या हजार निबंधांत कुठं नव्हतं. तिला आईचे पाय धरावेसे वाटले. पण आईला असलं काही आवडलं नसतं, म्हणून तिनं नुसती ताटातली शेंग उचलली आणि परत ठेवली.

मग तिनं लिहिलं, ‘सूचना क्रमांक ७. इथली माणसं बिबट्याला वाघ म्हणतात. घाबरलेलं माणूस तर वाघच म्हणतं. असा फोन सगळ्यांत आधी पुढं पाठवावा. उत्तर देणारी व्यक्ती: द्रौपदा.’

‘समजले,’ मुकादम म्हणाला. ‘एक चाचणी फोन करून बघावा, ही विनंती.’

वृषालीनं मोबाइल घेतला, नंबर लावला, घसा साफ केला. "नमस्कार. निरगुडसर येथे उसाच्या शेतात बिबट्या आढळून आला आहे."

द्रौपदा खुदकन हसली. "आसं कोन बोलतं गं भ्यालेलं? बातम्या सांगती व्हय?"

लॅपटॉपवर उत्तर उमटलं, ‘अनिश्चित. प्रतीक्षेत ठेवले.’

वृषालीलाही हसू आलं. तिनं परत नंबर लावला. ह्या वेळी तिनं डोळे मिटले आणि सात वर्षांची असतानाची ती सकाळ आठवली. गोठ्याच्या दारात पिवळं काहीतरी उभं होतं, आणि पाणी तापवणाऱ्या आईला तिनं तिथूनच हाक मारली होती. जिभेची गाठ सुटायला क्षणभर लागला.

"मी वृषाली बोलती. निरगुडसर, कॅनॉलच्या अंगाची वस्ती. वाघ हाय, दारात. लवकर या."

आदेशला आधी सांगून ठेवायचं ती साफ विसरली होती. मिनिटभरात मोबाइल वाजला. रविवारची पाळी त्याची होती आणि तो धापा टाकत होता. "ताई? ताई, दार लावून घ्या आधी. गोरखभाऊंनी गाडी काढली. मावशी कुटं हायेत?"

ती सांगायला गेली, तोवर द्रौपदानं तिच्या हातातून मोबाइल घेतला.

"न्हाई रं बाबा, वाघ न्हाई आज. गाडी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माज्या लेकीनं हाक मारून बगितली. ऐकू गेली का तुला?"

"गेली की, मावशी," आदेश म्हणाला.